उंच उडी मारायला आधी उंच असावं लागतं?

‘सहा फूट उंची नसेल तर उंच उडीच्या नादी लागू नकोस.’ हे ऐकून कितीतरी मुलं मैदानावरून परत फिरतात, आणि ते खरं नाही.

स्वीडनचा स्टेफान होल्म बघा. उंची १.८१ मीटर, म्हणजे सहा फुटांना थोडी कमीच. २००० साली सिडनीत तो चौथा आला. २००४ मध्ये अथेन्सला २.३६ मीटर ओलांडून त्याने ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, पुढच्या वर्षी इनडोअर स्पर्धेत २.४०. स्वतःच्या डोक्यापेक्षा तब्बल ५९ सेंटिमीटर वर! अमेरिकेच्या फ्रँकलिन जेकब्सने १९७८ मध्येच स्वतःच्या डोक्यापेक्षा एवढीच वर उडी मारली होती, तीही १.७३ मीटर उंचीवर.

उंचीचा फायदा होतो, कारण शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात तो बिंदू, मुळातच वर असतो. पण खरं काम वेगाचं. शेवटची काही पावलं वळणावर पडतात, अंग आत झुकतं, बारपासून (ओलांडायच्या आडव्या दांडीपासून) लांबचा पाय रोवला जातो आणि धावण्याचा वेग वर वळतो. मग पाठीची कमान होते. खांदे पलीकडे उतरत असतात, कंबर बारवर, पाय अजून अलीकडेच. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की या कमानीमुळे गुरुत्वमध्य बारच्या खालून गेला तरी खेळाडू वरून पार होऊ शकतो.