न उघडलेली अँटेना आणि युरोपाचा समुद्र

गुरूकडे निघालेल्या 'गॅलिलिओ' यानाला ११ एप्रिल १९९१ रोजी पृथ्वीवरून आज्ञा गेली: मुख्य अँटेना उघड. ४.८ मीटर व्यासाची ही अँटेना छत्रीसारखी मिटवून पाठवली होती. मोटरी फिरल्या, पण १८ काड्यांपैकी काही मधल्या दांड्याला चिकटूनच राहिल्या. 'चॅलेंजर' या स्पेस शटलच्या अपघातामुळे उड्डाण तीन वर्षांहून जास्त लांबलं होतं. त्या काळात ट्रकमधून झालेल्या प्रवासांत काड्यांवरचं कोरडं वंगण झिजलं असावं, असा निष्कर्ष पुढे निघाला. यान उन्हात धरून तापवलं, सावलीत वळवून गार केलं, मोटरींना हजारो झटके दिले. उपयोग शून्य.

उरली छोटी अँटेना. मोठीतून सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट (बिट म्हणजे माहितीचं सर्वांत छोटं एकक) येणार होते. हिच्यातून गुरूपासून आले असते जेमतेम दहा-पंधरा. यानाचा एक फोटो म्हणजे ५१ लाख बिट. सेकंदाला १० बिट धरले, तर एका फोटोला जवळपास सहा दिवस!

आता प्रत्येक बिट निवडून मागवणं आलं. ऑगस्ट १९९३ मध्ये यान इडा या लघुग्रहाजवळून गेलं. फोटो यानावरच्या टेपवर होते, पण सगळे उतरवून घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून आधी प्रत्येक फोटोतल्या मोजक्याच ओळी मागवल्या. तुरुंगाच्या गजांसारख्या दिसणाऱ्या त्या पट्ट्यांवरून इडा चौकटीत नेमका कुठे आहे ते ताडलं आणि मग तेवढाच भाग उतरवला. फेब्रुवारी १९९४ मध्ये अशाच एका फोटोत इडाशेजारी एक ठिपका दिसला. लघुग्रहाला चंद्र असल्याचा तो पहिला पक्का पुरावा.

पुढे नवी सॉफ्टवेअर चढवून माहिती यानावरच आकसवली, पृथ्वीवरच्या अँटेना एकत्र जोडल्या आणि वेग सेकंदाला १६० बिटांपर्यंत नेला. पण त्याआधीच दुष्काळात तेरावा महिना: गुरू दोन महिन्यांवर असताना टेपरेकॉर्डर अडकला. तो पुन्हा चालू झाला, पण भरवसा उरला नाही. गुरूच्या वातावरणात उतरणाऱ्या छोट्या शोधयानाची माहिती पुन्हा मिळणार नव्हती. तिच्यासाठी टेप राखून ठेवली आणि पोचण्याच्या दिवशीचे आयो व युरोपा या गुरूच्या चंद्रांचे जवळचे फोटो सोडून दिले. मला या मोहिमेतला हा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

नुकसान झालं ते झालंच. गुरूच्या ढगांची सलग चित्रमालिका हवी होती, ती मिळालीच नाही. पण मूळ मोहीम डिसेंबर १९९७ मध्ये संपल्यावर थोड्या माणसांनिशी आणि थोड्या पैशांत पुढची दोन वर्षं मुख्यतः एका चंद्रावर लावली गेली: युरोपा. आणि तिथला सर्वांत मोठा शोध लागला तो मॅग्नेटोमीटरमुळे. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या या उपकरणाला फोटोंच्या मानाने फारच थोडे बिट लागतात.

गुरूच्या चुंबकीय क्षेत्राचा अक्ष कललेला असल्यामुळे युरोपाला ते दर साडेपाच तासांनी उलटसुलट जाणवतं. युरोपाच्या आत वीजवाहक थर असेल, तर त्यात प्रवाह निर्माण होऊन युरोपाचं स्वतःचं क्षेत्रही तसंच उलटायला हवं. ३ जानेवारी २००० रोजी यान मुद्दाम योग्य वेळ साधून युरोपाजवळून गेलं, आणि क्षेत्र खरोखरच उलटलेलं मिळालं. गोठलेला बर्फ इतकी वीज वाहू शकत नाही. खारं पाणी वाहू शकतं. मॅग्नेटोमीटरच्या प्रमुख शास्त्रज्ञ मार्गारेट किव्हेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फाखालच्या समुद्राचा हा भक्कम पुरावा मांडला.

पृथ्वीवरचे जंतू त्या समुद्रात जाऊ नयेत म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी गॅलिलिओ गुरूमध्ये लोटलं गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं 'युरोपा क्लिपर' हे यान २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. युरोपाजवळून सुमारे ५० वेळा जाताना त्याचं मॅग्नेटोमीटर हा समुद्र किती खोल आणि किती खारट आहे ते मोजणार आहे.