कळांमागचं कॅल्शियम

लेबर रूममधल्या स्टँडवर टांगलेली ‘आरएल’ची, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाइनची बाटली कुणाच्या ना कुणाच्या बाळंतपणात पाहिलेली असते. त्यातला ‘आर’ म्हणजे ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर. 1882-83च्या सुमारास लंडनमध्ये ते बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत. एकदा ते फारच वेळ चाललं. चौकशी केली तर कळलं, मदतनीसाने डिस्टिल्डऐवजी नळाचं पाणी वापरलं होतं. शुद्ध पाण्यात द्रावण केल्यावर तेच हृदय लवकरच थंडावलं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. आजच्या आरएलमध्येही थोडं कॅल्शियम क्लोराइड असतंच.

गर्भाशयाचा अभ्यास मात्र वेगळ्या वाटेने पुढे गेला. 1906 मध्ये हेन्री डेल यांना दिसलं की पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गाभण मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. त्या अर्कातलं ऑक्सिटोसिन विन्सेंट दु व्हिग्नो यांनी 1950च्या दशकात प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. तेव्हापासून कळांचं सगळं श्रेय हे हार्मोन घेऊन जातं. माझ्या मते ते जरा जास्तच आहे, कारण ऑक्सिटोसिन फक्त निरोप देतं, स्नायू आवळायचं काम कॅल्शियम करतं.

स्नायूच्या पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट असतं. विजेची लहर आली की पेशीच्या आवरणातली दारं उघडतात आणि ते आत घुसतं. ऑक्सिटोसिन पेशीतला साठाही मोकळा करतं. हातापायांच्या स्नायूंत हे कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, हे जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी 1960च्या दशकात दाखवलं. गर्भपिशवीच्या स्नायूत ट्रोपोनिनच नाही. तिथे ते कॅल्मोड्युलिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं, त्याने एक एन्झाइम जागं होतं, ते मायोसिन या स्नायूतंतूतल्या प्रथिनावर फॉस्फेट बसवतं, आणि मग कुठे तंतू ओढले जातात. हा द्राविडी प्राणायाम असल्यामुळेच कळ झटक्यात न येता हळूहळू चढते.

ती उतरणंही तितकंच गरजेचं. कळ ऐन भरात असताना पिशवीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. कॅल्शियम बाहेर फेकलं जाऊन पिशवी सैल पडली की बाळाला पुन्हा पुरेसा प्राणवायू मिळतो. ऑक्सिटोसिनचं ड्रिप थेंब मोजून लावतात ते म्हणूनच.

दारंच बंद केली तर? जर्मनीत फ्रायबुर्गच्या आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांनी 1960च्या दशकात कॅल्शियम अडवणारी औषधं ओळखली, तीही हृदयावर काम करताना. त्याच घराण्यातली निफेडिपिन ही ब्लडप्रेशरची गोळी. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर त्या थोपवायला ती आज देतात. साधारण 48 तास मिळाले तरी बाळाच्या फुफ्फुसांसाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनला काम करायला वेळ मिळतो.

आपल्याकडे गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. त्यांनी कळा लवकर येतील का, अशी शंका हमखास निघते. नाही येत. रक्तातली पातळी शरीर अगदी काटेकोर राखतं, आणि खेळ सगळा पेशीच्या दारांचा असतो.

वार पडल्यावर सिस्टर पोटावर हात ठेवून चोळतात आणि पिशवी ‘घट्ट’ झाली का ते चाचपतात. हाताखाली गोळा कडक लागला, म्हणजे आवळलेल्या स्नायूंनी उघड्या रक्तवाहिन्या चिमटीत धरल्या आहेत. मऊ लागला, की धावपळ सुरू होते.