यंत्रावर जडणारा जीव : साठ वर्षांची पार्श्वभूमी

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून रात्री कॉट बेसिसच्या खोलीवर परतणारी काही मुलं-मुली हल्ली घरी फोन लावण्याआधी चॅटबॉटशी बोलतात. पूर्वपरीक्षेचा निकाल, संपत आलेले पैसे, मोडलेलं नातं. जे आईला सांगवत नाही, ते तिथे सांगून होतं. 'आजकालच्या पोरांना माणसंच नकोत' असा शेरा यावर लगेच मारला जातो. तो अन्यायाचा आहे. ही मुलं जन्मायच्या कितीतरी आधी, मोबाइलचा पत्ता नसताना, यंत्रावर माणसाचा जीव जडलेला आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले प्राध्यापक जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. त्या प्रोग्रॅमला कशाचाच अर्थ कळत नव्हता. टाइप केलेल्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा, 'माझा'चं 'तुमचा' करायचं आणि तेच वाक्य फिरवून परत पाठवायचं. आईचा उल्लेख आला की 'घरच्यांबद्दल आणखी सांगा'. काहीच हाती लागलं नाही तर 'पुढे बोला'. मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका मुद्दाम निवडलेली होती, कारण तिथे ऐकणाऱ्याला जगाची माहिती नसली तरी खपून जातं. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने हा प्रोग्रॅम कित्येक महिने तयार होताना पाहिला होता. तरीही त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. १९७६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आणि पुढे यंत्राला माणसाच्या जागी बसवण्याला ते सतत विरोध करत राहिले. मला या सगळ्या इतिहासात त्या बाईंची विनंती फार मोलाची वाटते. समोर यंत्र आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी मन मोकळं करावंसं वाटलंच.

पुढे यंत्रांना शरीर आलं. सोनीचा 'आयबो' हा यंत्रकुत्रा १९९९ मध्ये बाजारात आला, २००६ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं आणि २०१४ मध्ये कंपनीने दुरुस्तीही बंद केली. तेव्हा जपानमधल्या चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी होऊ लागले. विधी झाल्यावर त्यांचे सुटे भाग काढून दुसरे आयबो दुरुस्त केले जात.

खरं वळण आलं ते एका मृत्यूमुळे. २०१५ मध्ये मॉस्कोत रोमन माझुरेंको हा तरुण मोटारीच्या धडकेने गेला. त्याची मैत्रीण युजेनिया कुइडा हिने त्याचे जुने मेसेज गोळा करून त्याच्यासारखा बोलणारा बॉट बनवला. त्या अनुभवातून २०१७ मध्ये 'रेप्लिका' हे गप्पा मारणाऱ्या सोबत्याचं अ‍ॅप निघालं. पुणेकरांना यात परकं वाटावं असं काही नाही. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा हजारो वस्तू जमवल्या आणि त्या संग्रहालयाला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. गेलेल्या माणसासाठी काहीतरी हाताशी ठेवावं, ही ओढ तीच.

फरक पडतो तो मालकीने. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने रेप्लिकावर निर्बंध घातले. त्याच सुमारास कंपनीने बॉटचं जवळिकीचं बोलणं बंद केलं. आपलं माणूस एका रात्रीत परकं झालं, असं वापरणारे सांगू लागले. मार्चमध्ये जुन्या ग्राहकांपुरतं ते परत द्यावं लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये 'चॅटजीपीटी' या चॅटबॉटमध्ये जीपीटी-५ हे नवं मॉडेल आणताना ओपनएआय या कंपनीने जीपीटी-४ओ हे जुनं मॉडेल काढून घेतलं, तेव्हाही तसाच आक्रोश झाला आणि पैसे भरणाऱ्यांसाठी ते काही काळ परत आणलं गेलं. दोन्ही वेळा निर्णय कंपनीने घेतला आणि विरह वापरणाऱ्यांच्या वाट्याला आला. हा व्यवहार मला धोक्याचा वाटतो. जीव लावणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

चॅटबॉट आता बऱ्यापैकी मराठी बोलतात, त्यामुळे खोलीवरच्या त्या गप्पा वाढणारच. त्या गप्पांत जगणं नकोसं झाल्याचा विषय निघाला, तर केंद्र सरकारच्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे दिवसरात्र कधीही फोन करता येतो, आणि बोलायला माणूस मिळतो.