एकट्या साधकाचं वर्षचक्र : आठ सण आले कुठून?

1 फेब्रुवारीला सूर्य मावळला की घरातले सगळे दिवे लावायचे, थोडाच वेळ का होईना. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे झाले की कुंडीत बी पेरायचं. 1 ऑगस्टला घरी पाव भाजायचा. सप्टेंबर सरत आला की रानात फिरून वाळलेल्या शेंगा गोळा करायच्या. कुठल्याही मंडळाशी न जोडता एकट्याने साधना करणारे युरोप-अमेरिकेतले पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेपासून प्रेरणा घेणारे लोक, असे साधे ऋतुविधी करतात. मंत्र चार ओळींचे, साहित्य स्वयंपाकघरातलं. हे सगळं हजारो वर्षांपासून जसंच्या तसं चालत आलंय असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. खरा इतिहास वेगळा आहे, आणि माझ्या मते तो त्या दाव्यापेक्षा जास्त सुंदर आहे.

आठ सणांचं हे चक्र असं : डिसेंबरातल्या सर्वांत लांब रात्रीचा यूल, 1 फेब्रुवारीचा इम्बोल्क, मार्चच्या विषुवदिनाचा ओस्तारा, 1 मेचा बेल्टेन, जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा लिथा, 1 ऑगस्टचा लूनासा, सप्टेंबरच्या विषुवदिनाचा मॅबन आणि 31 ऑक्टोबरच्या रात्रीचा साविन. यातले चार सूर्याच्या गतीवरून ठरतात, चार त्यांच्या मधोमध पडतात. ख्रिस्तपूर्व काळातल्या कुठल्याही एका समाजाने हे आठही सण एकत्र पाळल्याचा पुरावा नाही. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 1990 च्या दशकात ब्रिटनमधल्या सणांची साधनं तपासून हे स्पष्ट मांडलं, आणि आज बहुतेक जाणते पेगन ते मान्य करतात. चक्र विसाव्या शतकात जुळवलं गेलं. त्यात वापरलेले तुकडे मात्र फार वेगवेगळ्या वयाचे आहेत.

त्यातले मधले चार सण आयर्लंडचे. तिथल्या मध्ययुगीन साहित्यात त्यांची नावं येतात आणि त्यांची वेळ गुराढोरांशी बांधलेली दिसते. मे महिन्यात जनावरं उन्हाळी कुरणांवर जायची, नोव्हेंबर लागला की परतायची. सन 900 च्या आसपासच्या एका आयरिश शब्दकोशात बेल्टेनबद्दल लिहिलंय की ड्रुइड (तिथले प्राचीन पुरोहित) मंत्र म्हणत दोन आगी पेटवायचे आणि रोगराई टळावी म्हणून गुरं त्या आगींमधून हाकायचे. इम्बोल्क हा मेंढ्यांना पान्हा फुटण्याचा काळ, लूनासा पिकाच्या पहिल्या घासाचा.

यातलं घरगुती जग समजून घ्यायचं तर इम्बोल्कलाच, म्हणजे 1 फेब्रुवारीला येणाऱ्या आयरिश संत ब्रिजिडच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळकडे, 31 जानेवारीकडे पाहावं. लव्हाळ्याच्या काड्या विणून क्रूस करायचा आणि दारावर किंवा गोठ्यात टांगायचा. कापडाचा एक तुकडा रात्रभर बाहेर ठेवायचा. ब्रिजिड जाता जाता त्याला स्पर्श करते, आणि मग तो तुकडा वर्षभर डोकेदुखीला, अडलेल्या बाळंतपणाला उपयोगी पडतो अशी श्रद्धा. मेच्या पहिल्या दिवशी उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरायची आणि घरातला विस्तव किंवा दूध कुणाला द्यायचं नाही, नाहीतर वर्षभराच्या लोण्याची बरकत बाहेर जाते. 1937 ते 1939 या काळात आयर्लंडच्या लोककथा आयोगाने शाळकरी मुलांना आजी-आजोबांकडून अशा गोष्टी लिहून आणायला सांगितलं. सुमारे 50 हजार मुलांनी ते काम केलं. त्यामुळे या चालीरीती वह्यांमध्ये तपशीलवार टिकल्या. ब्रिजिडच्या दिवसाला आयर्लंडने 2023 पासून सार्वजनिक सुट्टीही दिली आहे. डब्लिनमधल्या मराठी घरांना फेब्रुवारीच्या सुरुवातीला मिळणारी सुट्टी ती हीच.

हे करणारी माणसं ख्रिस्ती होती, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडमधलं अकराव्या शतकातलं एक हस्तलिखित शेत पिकेनासं झालं तर काय करावं हे सांगतं. पहाटेपूर्वी शेताच्या चार बाजूंनी चार ढेकळं काढायची. त्यांवर तेल, मध, यीस्ट, शेतातल्या प्रत्येक गुराचं दूध आणि तीर्थ शिंपडायचं. मग ती चर्चमध्ये न्यायची, धर्मगुरूने त्यांवर चार वेळा मास (चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी) म्हणायचा, आणि सूर्य मावळण्याआधी ढेकळं जागच्या जागी परत ठेवायची. याच मंत्रात पुढे ‘पृथ्वीमाते’ अशी हाकही आहे. दुसऱ्या एका जुन्या इंग्रजी तोडग्यात ऑगस्टच्या पहिल्या दिवशी पवित्र केलेल्या पावाचे चार तुकडे कोठाराच्या चार कोपऱ्यांत ठेवायला सांगितलंय, धान्याचं रक्षण व्हावं म्हणून. आजच्या साध्या ऋतुविधींचे खरे पूर्वज मला इथे दिसतात : दुधाची, धान्याची, आजारपणाची काळजी असलेल्या माणसाने घरात आणि शेतात केलेली छोटी कृती.

एकट्याने करायचे विधीही जुनेच. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने 28 मे 1667 च्या रोजनिशीत नोंदवलंय की त्याची बायको वूलिचला गेली, मे महिन्याचं दव गोळा करून चेहरा धुण्यासाठी. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने अठराव्या शतकात हॅलोवीनच्या रात्रीचे प्रकार टिपून ठेवले. त्यातल्या एकात मुलीने मेणबत्ती घेऊन एकटीने आरशासमोर जायचं आणि सफरचंद खायचं. होणाऱ्या नवऱ्याचा चेहरा खांद्यामागून डोकावतो म्हणतात.

सूर्याच्या चार सणांची कहाणी अधिक तुटक आहे. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज हे दगडी थडगं इसवी सनापूर्वी सुमारे 3200 चं. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली 21 डिसेंबर 1967 ला आत बसले आणि दारावरच्या झरोक्यातून उगवतीचा किरण थेट आतल्या खोलीपर्यंत आलेला त्यांनी पाहिला. म्हणजे त्या दिवसाची दखल पाच हजार वर्षांपूर्वीही घेतली जात होती. तिथे कोणता विधी होत असे, ते मात्र दगड सांगत नाहीत. ओस्ताराचा आधार तर एकाच वाक्याचा : इंग्लंडमधला भिक्षू बीड याने 725 मध्ये लिहिलं की एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला इओस्त्रे नावाच्या देवतेवरून नाव पडलं होतं. त्यावरून जर्मन अभ्यासक याकोब ग्रिमने 1835 मध्ये जर्मन भूमीतही ‘ओस्तारा’ देवी असावी असा तर्क केला. लिथा हे नाव बीडनेच दिलेल्या जून-जुलैच्या जुन्या महिन्यांच्या नावावरून घेतलेलं आहे.

हे सगळे धागे एकत्र आले इंग्लंडमध्ये. 1921 मध्ये मार्गारेट मरे यांनी मांडलं होतं की चेटकिणी म्हणून जाळल्या गेलेल्या बायका एका प्राचीन, संघटित धर्माच्या अनुयायी होत्या. इतिहासकारांनी हे पुढे खोडून काढलं, पण तोवर ती कल्पना रुजली होती. मलायात कस्टम अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालेले जेराल्ड गार्डनर यांनी सांगितलं की 1939 मध्ये आपल्याला अशाच एका जिवंत मंडळाची दीक्षा मिळाली. 1735 चा जादूटोण्याविषयीचा कायदा ब्रिटनने 1951 मध्ये रद्द केला आणि 1954 मध्ये गार्डनर यांचं पुस्तक आलं. आज आपण ज्याला विक्का म्हणतो त्या आधुनिक पेगन धर्माची ही जाहीर सुरुवात.

गार्डनर यांच्या वहीत सुरुवातीला चारच मोठे सण होते, आयरिश मुळाचे. त्यांच्या मंडळातल्या डोरीन व्हॅलिएंटी यांनी पुढे सांगितलेली एक आठवण फार बोलकी आहे. डिसेंबर 1953 मध्ये हिवाळी अयनाच्या, म्हणजे सर्वांत लांब रात्रीच्या दिवशी गार्डनर यांनी त्यांना अचानक सांगितलं की रात्रीच्या विधीसाठी शब्द लिहून द्या. दुपार ते संध्याकाळ एवढ्या वेळात त्यांनी ते रचले. ती रचना पुढे असंख्य मंडळांनी म्हटली. 1958 मध्ये हर्टफर्डशरमधल्या ब्रिकेट वूडच्या मंडळाने अयन आणि विषुवदिनांनाही तोच मान द्यावा असा आग्रह धरला आणि गार्डनर यांनी मान्यता दिली. त्यांचे स्नेही रॉस निकोल्स यांनी 1964 मध्ये स्थापलेल्या ड्रुइड संघानेही आठ सण घेतले. नावं पूर्ण व्हायला आणखी दहा वर्षं लागली : 1974 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एडन केली यांनी दिनदर्शिका करताना ओस्तारा, लिथा आणि मॅबन ही नावं ठरवली. मॅबन हा वेल्श कथांमधला, आईपासून हरवलेला मुलगा. सप्टेंबरच्या सणाशी त्याचा जुना संबंध काहीच नाही.

मग एकटा साधक कुठून आला? सुरुवातीचा नियम कडक होता : दीक्षा मिळते ती दीक्षितांकडूनच. ज्याच्या गावात मंडळ नाही त्याला दार बंद. ते आधी किलकिलं केलं रेमंड बकलंड यांनी. 1962 मध्ये ते इंग्लंडमधून अमेरिकेत आले होते, आणि 1974 मध्ये त्यांनी अशी परंपरा पुस्तकातून मांडली, जिच्यात स्वतःच स्वतःला अर्पण करता येतं. 1978 मध्ये व्हॅलिएंटी यांनीही स्वयंदीक्षेचा विधी छापला. गार्डनर यांच्या मंडळाचे शब्द ज्यांनी घडवले त्यांनीच हे केल्यामुळे त्याला वजन होतं.

पण साधेपणा आणला स्कॉट कनिंगहॅम यांनी. सॅन दिएगोत राहणाऱ्या या लेखकाचं 1988 चं पुस्तक थेट एकट्या वाचकासाठी होतं. घरातले सगळे दिवे लावण्याची सूचना त्यातलीच. मंत्र पाठ नसेल तर मनातले शब्द बोला, विधीत वापरायची तलवार नसेल तर हात चालेल, असा त्यांचा सूर. दीक्षित मंडळांनी टीका केली की यात शिस्त नाही, गुरू नाही. टीकेत तथ्य आहे. गुरूशिवाय माणूस आपल्याच चुका पक्क्या करत जाऊ शकतो. तरीही मला वाटतं, कनिंगहॅम यांनी नकळत हे विधी पुन्हा चुलीपाशी आणले, जिथे ते ब्रिजिडच्या क्रूसाच्या आणि कोठारातल्या पावाच्या काळी होते. 1993 मध्ये, वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी ते गेले. त्यानंतरच्या अमेरिकी पाहण्यांत स्वतःला एकटे साधक म्हणवणारे बहुसंख्य दिसू लागले.

चक्र अजून बदलतंय. काहीजण मधले चार सण ठरलेल्या तारखेला न धरता सूर्याच्या दोन सणांमधल्या नेमक्या मध्यबिंदूला धरतात. मग इम्बोल्क 3-4 फेब्रुवारीला येतो. दक्षिण गोलार्धात प्रश्न मोठा आहे. ऑस्ट्रेलियात बरेच साधक सगळं उलटं फिरवतात : यूल जूनमध्ये, आणि दुकानांत हॅलोवीनचे भोपळे मांडलेले असताना घरी बेल्टेनची फुलं. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून विधीतली अग्नीची मेणबत्ती ते दक्षिणेऐवजी उत्तरेला ठेवतात आणि विधीच्या जागेभोवतीचं वर्तुळही घड्याळाच्या उलट दिशेने घालतात.