लिडेलने ऐनवेळी माघार घेतली नव्हती

सोलापुरात पार्क स्टेडियमवर सकाळी पळणाऱ्यांत ही गोष्ट कायम फिरते. परवा बुटाची नाडी आवळता आवळता एकाने पुन्हा सांगितली: स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला निघाला, जहाजावर कळलं की १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे, आणि रविवार हा ख्रिस्ती लोकांचा प्रभूचा दिवस म्हणून त्याने तिथंच नकार दिला.

ऐकायला झकास, पण हे १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या लिडेलवरच्या चित्रपटातलं. वेळापत्रक कित्येक महिने आधीच कळलं होतं. रविवारी पळणार नाही, हे त्याने तेव्हाच सांगितलं आणि सराव ४०० मीटरकडे वळवला. ११ जुलैला ४७.६ सेकंदांत सुवर्ण, २०० मीटरला कांस्य. म्हणजे चमत्कार कमी, घामच जास्त!

‘धर्मापायी करिअर सोडलं’ हेही अर्धवटच. १९२५ मध्ये मिशनरी म्हणून चीनला जाण्याआधी त्याने स्कॉटिश स्पर्धेत तीन शर्यती मारल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला चीनमधल्याच वेइशिएनच्या कैद्यांच्या छावणीत डांबलं; १९४५ मध्ये तिथंच मेंदूतल्या गाठीने गेला. त्या छावणीत रविवारच्या खेळात पोरांची भांडणं व्हायला लागली, तेव्हा हाच लिडेल रविवारी पंच म्हणून उभा राहिला.