हाय नून

हाय नून हा १९५२ साली आलेला अमेरिकन वेस्टर्न पिक्चर, ब्लॅक अँड व्हाइट, लांबी जेमतेम ८५ मिनिटं. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन, निर्माता स्टॅन्ली क्रेमर, पटकथा कार्ल फोरमनची आणि मेन रोलमध्ये गॅरी कूपर. जॉन कनिंगहॅमची 'द टिन स्टार' ही कथा १९४७ मध्ये कॉलियर्स मासिकात आलेली, श्रेयनामावलीत तिचं नाव आहे, पण फोरमनच्या डोक्यात तशीच गोष्ट आधीपासून घोळत होती आणि साम्य लक्षात आल्यावर कथेचे हक्क घेऊन टाकले, असा तो किस्सा. वेस्टर्न म्हटलं की घोडे, धूळ, ढिशक्यांव असं डोळ्यासमोर येतं, इथे गोळीबार शेवटची काही मिनिटंच आहे. बाकी सगळा वेळ एक माणूस गावभर मदत मागत फिरतोय.

गाव हॅडलीव्हिल, न्यू मेक्सिकोमधलं, काल्पनिक. रविवारची सकाळ. मार्शल विल केन, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी म्हणा, याचं नुकतंच लग्न लागलंय, बायको एमी (ग्रेस केली) क्वेकर या अहिंसावादी ख्रिस्ती पंथाची, तिच्या बाप-भावाचा जीव गोळ्यांनी गेलेला म्हणून बंदूक या प्रकाराचाच तिला तिटकारा, त्यामुळे नवरोबा बिल्ला उतरवून दुसऱ्या गावी दुकान टाकायला निघालेत. तेवढ्यात तार येते. फ्रँक मिलर सुटला. पाच वर्षांपूर्वी केननेच त्याला पकडलेलं, फाशी व्हायची ती जन्मठेप झाली आणि आता माफीच मिळाली. तो बाराच्या गाडीने येतोय आणि त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघत बसलेत. केन बग्गीतून गावाबाहेर पडतो, थोडं अंतर जातो आणि परत फिरतो. का, हे तो बायकोलाही धड सांगू शकत नाही. ती म्हणते, तू नसशील येत तर त्याच बाराच्या गाडीने मी एकटी जाते.

आता पुढचा तासभर. आपल्याकडे म्हणतात गाव करील ते राव काय करील, इथे गावच काखा वर करून मोकळं होतं आणि प्रत्येकाच्या काखा वर करायची तऱ्हा वेगळी, पिक्चरची सगळी मजा (मजा हा शब्द बरोबर नाही खरंतर) त्यात आहे. मिलरला शिक्षा सुनावणारा जज्ज भिंतीवरचा झेंडा काढून घडी घालतो, न्यायाचा तराजू पिशवीत टाकतो, अथेन्सच्या इतिहासातला दाखला देतो आणि घोड्यावर बसून पसार. डेप्युटी हार्वीला मार्शलची खुर्ची हवीये, तिची शिफारस मिळत नाही म्हणून तो बिल्ला टेबलावर आपटून जातो. एक दोस्त घरातच लपून बायकोला दारात पाठवतो, ती म्हणते हे चर्चला गेलेत, केन विचारतो तुम्हाला न घेता? आणि तिचा चेहरा पडतो, ते बघताना आपल्यालाच कसंतरी होतं. हॉटेलचा क्लार्क तर सरळ सांगतो की मिलर होता तेव्हा धंदा बरा चालायचा. केन न्हाव्याकडे तोंड धुवायला जातो तेव्हा मागे शवपेट्यांचं काम चाललेलं, किती पेट्या लागतील याचा हिशोब न्हाव्याने आधीच केलेला. मदतीला तयार कोण, तर एक डोळा गेलेला दारुडा आणि चौदा वर्षांचा पोरगा. दोघांनाही केनच परत पाठवतो.

चर्चचा सीन सगळ्यात भारी. केन प्रार्थनेच्या मधेच आत येतो, पाद्री आधी टोमणा मारतो की लग्नाला चर्च आठवलं नाही वाटतं, मग पोरांना बाहेर खेळायला पिटाळून मोठ्यांची चर्चा सुरू. एक म्हणतो आपण पोलिसांसाठी टॅक्स भरतो ना, एक म्हणतो हे त्या दोघांचं खासगी भांडण, एखादी बाई मात्र ठणकावून बोलते. शेवटी हेंडरसन उठतो, केनचा जवळचा माणूस. आधी केनचं तोंडभर कौतुक, आपल्या सगळ्यांवर त्याचे उपकार आहेत वगैरे, वाटतं आला बुवा कोणीतरी बाजूने. आणि मग हळूच, उत्तरेकडचे लोक इथे पैसा गुंतवायचा विचार करतायत, रस्त्यात गोळ्या चालल्याची बातमी गेली तर गाव मागे पडेल, तेव्हा विल, तू निघून जा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलेल्या कुणालाही हे भाषण ओळखीचं वाटेल.

वेळेचा खेळ हा दुसरा मोठा भाग. गोष्ट साडेदहाच्या आसपास सुरू होते आणि बारा वाजून गेल्यावर संपते, म्हणजे पडद्यावरचा वेळ आणि आपला वेळ जवळपास एकच, त्यात जिकडेतिकडे घड्याळं. बाराला एक-दोन मिनिटं कमी असताना केन टेबलाशी बसून मृत्युपत्र लिहितोय आणि लंबकाच्या ठोक्यावर एकेक शॉट, चर्च, दारूचा गुत्ता, रिकामे रूळ, शिक्षा ऐकताना मिलर बसलेली ती खुर्ची, सगळ्यांचे चेहरे, आणि मग गाडीची शिट्टी. त्यानंतर रस्त्यात उभ्या केनवरून कॅमेरा क्रेनने वर वर जातो, अख्खं गाव दिसतं आणि त्यात चिटपाखरू नाही. कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बीने आकाश मुद्दाम पांढरंफटक ठेवलंय, अमेरिकी यादवी युद्धाच्या जुन्या फोटोंसारखं, देखणे ढग वगैरे काही नाही. कूपर तेव्हा पन्नाशीचा, पाठदुखी आणि पोटात अल्सर, त्यामुळे चेहऱ्यावरचा ताण अगदी खरा वाटतो.

शेवट सांगायला हरकत नाही, सत्तरेक वर्षं झाली. पहिली गोळी ऐकून एमी गाडीतून उतरून धावत येते आणि बंदुकीचा तिटकारा असलेली तीच बाई एकाला पाठीमागून गोळी घालते. मिलर तिला ओलीस धरतो, ती त्याचा चेहरा ओरबाडते, केनला तेवढी संधी पुरते. मग गाव दारंखिडक्यांतून बाहेर येतं. केन कुणाशी एक शब्द बोलत नाही, बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि बग्गीत बसतो. केनची जुनी प्रेयसी हेलन रामिरेझ, तिचं काम करणारी मेक्सिकन नटी केटी हुराडो मात्र लोक विसरतात, तिला यासाठी गोल्डन ग्लोब मिळालं आणि एमीला चार शब्द सुनावणारा तिचा सीन ग्रेस केलीच्या अख्ख्या रोलपेक्षा वजनदार आहे, निदान माझ्या मते.

पडद्यामागची गोष्टही तशीच. शूटिंग चालू असतानाच, १९५१ मध्ये, फोरमनला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्षीला उभं राहावं लागलं, कम्युनिस्टांची नावं दे म्हणून. तो आधी पक्षात होता, पण दुसऱ्यांची नावं द्यायला नकार दिला. क्रेमरशी फाटलं, हॉलिवूडच्या काळ्या यादीत नाव गेलं आणि तो इंग्लंडला निघून गेला. ओळखीचे लोक तोंड चुकवायला लागले आणि त्यांची वाक्यं आपण पटकथेत टाकली असं तो नंतर सांगायचा. कूपर स्वतः पक्का उजव्या विचारांचा, तरी त्याने फोरमनची बाजू सोडली नाही. वेस्टर्नचा मोठा हिरो जॉन वेनला मात्र हा पिक्चर देशद्रोही वाटायचा आणि गंमत अशी की १९५३ च्या ऑस्करला कूपर हजर नव्हता तर त्याचं बक्षीस घ्यायला स्टेजवर गेला तो वेनच. एकूण चार ऑस्कर मिळाले, अभिनय, एडिटिंग, दिमित्री टिओमकिनचं संगीत आणि टेक्स रिटरने गायलेलं गाणं, बेस्ट पिक्चर तेवढं हुकलं. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचं म्हणणं, चांगला शेरीफ असा दारोदार मदत मागत फिरेल का, आणि उत्तर म्हणून त्याने वेनलाच घेऊन १९५९ मध्ये रिओ ब्राव्हो काढला. तोही मस्त आहे, पण मुद्दा पटत नाही.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म नोंदवहीची पहिली यादी निघाली त्यात हाय नून आला. त्याच वर्षी पोलंडमध्ये ४ जूनच्या निवडणुकीसाठी सॉलिडॅरिटी या कम्युनिस्ट सत्तेविरुद्धच्या कामगार संघटनेचं एक पोस्टर भिंतीभिंतींवर लागलं, त्यावर चालत येणारा कूपर, छातीवर सॉलिडॅरिटीचा बिल्ला आणि हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. झिनेमनचा जन्मही १९०७ चा, आजच्या पोलंडमधल्या झेशुफ गावचा.