एक मोठा की तीन छोटे? मॉनिटर घेण्याआधी जरा अंगठा बघा

माझ्या आतेभावाने कॉम्प्युटरवर गाडी चालवायच्या गेमसाठी आधी स्टिअरिंग घेतलं, मग पेडल घेतले, मग भंगारवाल्याकडून कुठल्यातरी जुन्या हॅचबॅकची पुढची सीट उचलून आणली, आणि एवढं सगळं झाल्यावर महिनाभर एकाच प्रश्नावर अडकून बसला. स्क्रीन कुठला? ३२ इंची एकच, का २४ चे तीन? रोज रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन लिंक. शेवटी एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो, रद्दीतले पेपर काढले, मॉनिटरच्या मापाचे तुकडे कापले आणि भिंतीला सेलोटेपने चिकटवले. आत्या म्हणाली, "मखर आत्तापासूनच चालू केलंत का रे?"

कापतानाच पहिली गंमत कळते. मॉनिटरचा इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप, त्यामुळे २४ आणि ३२ मध्ये आठाचाच फरक वाटतो, पण २४ इंची पडतो ५३ सेमी रुंद आणि ३० उंच, आणि ३२ वाला ७१ बाय ४०, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट. २४ चे तीन जोडले तर एकूण जागा साधारण साडेएक्केचाळीस इंची टीव्हीएवढी भरते. मग ४२ चा टीव्हीच लावू की, असं भावाला लगेच सुचलं. पण डोळ्याला क्षेत्रफळाशी काही देणंघेणं नसतं, त्याला कळतो तो कोन.

हात सरळ पुढे करा आणि अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याची रुंदी डोळ्यापाशी साधारण २ अंशांचा कोन करते आणि आपल्याला एकदम कडक, शार्प दिसतं ते जेमतेम तेवढ्याच भागात. दृष्टिपटलाच्या मधोमध फोविया नावाचा छोटासा खळगा असतो, तिथे बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, तिथून बाहेर सरकलं की बारकावे भराभर कमी होत जातात. पटत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवून ठेवा आणि डोळे न हलवता चार ओळी खालचं वाचून दाखवा. दोन्ही डोळे मिळून आपल्याला आडवं २०० अंशांच्या आसपास दिसतं, त्यातले शार्प फक्त दोन, आणि तरी सगळं जग शार्प आहे असं वाटतं कारण नजर सेकंदाला तीनेक उड्या मारत असते आणि मेंदू ते तुकडे गुपचूप शिवून टाकतो.

मग बाकीचे अंश काय फुकट आहेत का? तर नाही. ठाण्याला तुमची लोकल उभी आहे, शेजारच्या ट्रॅकवरची गाडी हळूच हलते आणि तुम्हाला वाटतं की आपलीच निघाली, अगदी पोटात तो छोटा झटका बसल्यासारखा, आणि मग पलीकडचा खांब जागेवरच दिसतो. याला वेक्शन म्हणतात. नजरेच्या मोठ्या भागातून, खासकरून कडेने, दृश्य एका दिशेला सरकायला लागलं की मेंदू बिनधास्त ठरवून टाकतो की आपण हलतोय. कडेच्या नजरेला चेहरा ओळखता येत नाही, अक्षर वाचता येत नाही, पण हालचाल टिपायला ती तरबेज.

म्हणजे एकाच डोळ्यात दोन गिऱ्हाइकं बसलेली आहेत, मधलं आणि कडेचं, आणि तुमचा गेम त्यातल्या कुणासाठी आहे ते आधी बघायचं.

शूटिंगवाले गेम हे सरळसरळ मधल्याचं काम. नेम स्क्रीनच्या मध्यावर, शत्रूचं डोकं चार-सहा पिक्सेलांचं, आणि कोपऱ्यातल्या नकाशावर मान न वळवता पटकन नजर टाकता आली पाहिजे. आपली नजर पंधरा-वीस अंशांपलीकडे न्यायची झाली की बहुतेक वेळा मानही थोडी वळतेच. ६० सेमीवरून २४ इंची स्क्रीन आडवा सुमारे ४८ अंश भरतो, ३२ वाला ६१. म्हणून मोठमोठ्या स्पर्धांमध्ये बघा, लाखोंची बक्षिसं असतात पण खेळाडूंसमोर २४-२५ इंचीच मॉनिटर आणि तेही नाक लावून बसलेले असतात. तिथे पैसा घालायचा तो रिफ्रेश रेटमध्ये, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवीन चित्र दाखवतो त्यात. ६० हर्ट्झला नवीन चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, २४० ला ४.२ ने. इथे तीन स्क्रीन म्हणजे निव्वळ हौस.

एक इशारा मध्येच देऊन टाकतो. एका दुकानात आम्हाला "सर ३२ इंच टूके, एकदम भारी" असं सांगून एक मॉनिटर गळ्यात मारत होते. आता २५६० बाय १४४० हे ३२ इंचांवर पसरलं की इंचाला ९२ च्या आसपास पिक्सेल पडतात, आणि साध्या फुल एचडी (१९२० बाय १०८०) २४ इंचीवर किती पडतात? तेवढेच! शार्पपणात काडीचा फरक नाही. चांगल्या डोळ्याला एका अंशात ६० च्या आसपास पिक्सेल मिळाले की दाणे दिसेनासे होतात आणि ६० सेमीवरून ते जमतं ३२ इंची फोरकेला (३८४० बाय २१६०). गोष्टीवाले, निवांत फिरायचे, डोंगरदऱ्या बघायचे गेम असतील तर असा एकच मोठा घ्या आणि सुखी व्हा. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स असेल तर प्रश्नच मिटला, ते चित्रच १६ बाय ९ मध्ये देतात, बाजूचे स्क्रीन काळेच राहणार.

आता भावाचं प्रकरण. त्याला गाडी चालवायची होती आणि इथे एक हिशोब आहे जो मला स्वतःला फार आवडतो. बरेच गेम डिफॉल्टला साधारण ९० अंशांचं दृश्य दाखवतात. समजा स्क्रीन आहे २७ इंची, म्हणजे ६० सेमी रुंद, आणि तुम्ही बसलात ६० सेमीवर, म्हणजे खऱ्या जगात ती खिडकी आहे ५३ अंशांची. ५३ च्या खिडकीत ९० कोंबले की मधल्या सगळ्या वस्तू जेवढ्या दिसायला हव्यात त्याच्या बरोबर निम्म्या दिसतात. ५० मीटरवरचं वळण १०० मीटरवर असल्यासारखं वाटतं, ब्रेक उशिरा दाबला जातो आणि आपण गाडी रेतीत घालून गेमला शिव्या देतो. सेटिंगमध्ये ९० चे ५३ केले की आकार एकदम खरा होतो, पण मग बाजूला घासून चाललेली गाडी दिसतच नाही. तीन स्क्रीनचा खरा फायदा हाच, ६० सेमीवरून प्रत्येकी ४८ अंश, तिघांचे मिळून १४३. आकारही खरा आणि शेजारचाही दिसतो, आणि वर कडेच्या नजरेला पळतं कुंपण मिळतं म्हणून वेगही जाणवतो.

फक्त एक मेख आहे. तिन्ही स्क्रीन जोडून गेमला "हा एक लांबलचक सपाट पडदा" असं सांगितलं तर एकाच कॅमेऱ्याचं चित्र तिघांवर ताणलं जातं, आणि सपाट चित्रात मधल्या दिशेपासून ६० अंश बाजूला गेलं की वस्तू आडवी चौपट ताणली जाते. बाजूच्या गाड्या लाटलेल्या पोळीसारख्या दिसतात ते यामुळे. यावर इलाज म्हणजे प्रत्येक स्क्रीनला वेगळा कॅमेरा, जणू तीन खिडक्या. आयरेसिंग, असेटो कोर्सा या रेसिंगच्या गेममध्ये स्क्रीनची रुंदी, अंतर आणि वळवलेला कोन टाकायची सोय आहे, आणि ते आकडे अंदाजपंचे न टाकता मोजूनच टाका. कल्पना नवी नाहीच, १९९३ च्या डूम या शूटिंग गेमच्या सुरुवातीच्या आवृत्तीत तीन कॉम्प्युटर नेटवर्कने जोडून डावं-मधलं-उजवं दाखवता यायचं, तीन मॉनिटरसाठी तीन अख्खे कॉम्प्युटर! २००९ मध्ये एएमडी या चिप कंपनीने आयफिनिटी हे तंत्र आणलं आणि ते एका ग्राफिक्स कार्डावर नीट जमायला लागलं.

दोन मॉनिटरवर पसरून खेळायचा विचार मात्र सोडून द्या, नेम नेमका दोन स्क्रीनच्या कडांच्या मधल्या पट्टीवर येतो. दुसरा छोटा मॉनिटर ठेवायचाच तर डिस्कॉर्ड (खेळताना मित्रांशी गप्पा मारायचं अ‍ॅप) आणि यूट्यूबला ठेवा, आणि मला विचाराल तर दहातल्या आठ जणांना "अनेक मॉनिटर" म्हणताना खरं म्हणजे एवढंच हवं असतं. मधला मार्ग हवा असेल तर अल्ट्रावाइड, ३४ इंची म्हणजे २७ च्याच उंचीचा पण ८० सेमी रुंद, ६० सेमीवरून ६७ अंश. पट्टी नाही, झंझट नाही.

ग्राफिक्स कार्डाची भीती थोडी जास्तच घालतात लोक. तीन फुल एचडी म्हणजे ६२ लाख पिक्सेल, एक फोरके म्हणजे ८३ लाख. तीन कॅमेऱ्यांचा जास्तीचा भार असतो हे खरं, पण पिक्सेलांच्या हिशोबात एक फोरकेच जड. जागेची भीती मात्र पूर्ण खरी. बाजूचे स्क्रीन ४८ अंशांत वळवूनसुद्धा तिघांची रुंदी भरते १२४ सेमी, आणि भावाचं टेबल १२० चं. शेवटी वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचा स्टँड करून घेतला.

तर तीन लागले. पहिल्या दिवशी भाऊ सीटवर, आम्ही मागे उभे. पाचव्या मिनिटाला आत्या भिंत धरून म्हणाली, "मला गरगरतंय." डोळे सांगतात वळलो, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं जागेवरच आहोत, आणि या भांडणात मळमळ होते. मग भावाला का नाही झालं? आंबोली घाटात उलटी मागच्या सीटवर होते, ड्रायव्हरला सहसा नाही, कारण पुढचं वळण तोच घेणार असतो आणि त्याच्या मेंदूला ते आधीच ठाऊक असतं.

हे सगळं मी आत्याला लिंबूपाणी देता देता समजावलं. "मग मला बसव की तिथे," ती म्हणाली. बसवलं, पदर खोचून तिने स्टिअरिंग धरलं आणि पहिल्याच वळणाला सीटवर बसल्या बसल्या अख्खी उजवीकडे कलली.